आप्पांसाठी दिलेली डबी

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्या पदरी सारी उमेद घालवली त्या मालकांपाशी नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा नाही — तिथं तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागून परत आलो. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुमचा आणि तपकिरीचा काही संबंध नाही. तुम्ही आप्पांना पाहिलेलं नाही, मास्तरांना पाहिलेलं नाही. पाहिलं असतंत तर मला धीर झाला नसता.

पण एकदम सांगता येईल असं वाटत नाही. थांबत थांबत सांगतो. चालेल ना?

बेळगावच्या शहापुरात आमच्या मालकांचा तपकिरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे उंच धुराडी वगैरे काही नाही — चार लांब खोल्या, एक अंगण, पान भाजायची भट्टी, आणि नाकातोंडाला फडकी बांधून कुटायला बसलेल्या वीस-पंचवीस बाया. गल्लीत नवा माणूस शिरला की शिंकायचा आणि आम्ही हसायचो. पान यायचं निपाणीहून. तिथं मालकांची वखार होती, तिथं शेतकरी तंबाखूच्या गाड्या आणून सोडत, तिथंच पान निवडलं जाई. वखार एका गावात, कारखाना दुसऱ्या गावात, आणि मधे सर्व्हिस मोटारीचा अर्ध्या दिवसाचा रस्ता. त्या रस्त्यावर माझी नोकरी.

मला काय म्हणावं हे दोन्हीकडे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. हजेरीबुकात 'कारभारी' लिहिलेलं होतं, म्हणून सगळे कारभारी म्हणत. पण कारभार कसला? मी पान घेत नव्हतो, भाजत नव्हतो, कुटत नव्हतो, विकतही नव्हतो. यंदा कोणती तपकीर काढायची, ती कुणाच्या नाकासाठी, किती जहाल, कसल्या डबीत, दिवाळीआधी बाजारात जायची तर वखारीनं पान कधी सोडायचं — हे सगळ्यांशी बोलून एका ठिकाणी आणायचं, एवढंच माझं काम. हाताखाली एकही माणूस नाही. सगळ्यांकडून काम करून घ्यायचं आणि हुकूम मात्र कुणालाच करायचा नाही! पहिली दोन वर्षं मला वाटायचं, मालकांनी माझी थट्टा मांडलीय.

मग जमायला लागलं. इतकं जमलं, की आता म्हातारपणी मालकांचे चिरंजीव नव्या माणसांना माझ्याकडे धाडतात — जा, चार दिवस कारभाऱ्यांपाशी बसून या. ती मंडळी वही काढून बसतात. मीही सांगतो. सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

त्यांना मी निपाणीच्या बाजारातल्या म्हातारीची गोष्ट सांगतो. आम्ही नवी पत्र्याची डबी काढली होती. झाकण असं घट्ट की आत वारा शिरणार नाही. कारखान्यात सगळे खूश. मी बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगापाशी उगाच बसून राहिलो. एका म्हातारीनं डबी घेतली. नखानं उघडेना. दातानं उघडेना — दात होते कुठे? शेवटी तिनं ती गुडघ्यावर आपटली आणि सगळी तपकीर लुगड्यावर सांडली. मग तिनं आमच्या मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी शेजारी बसून तो पुरता ऐकला. परत आल्यावर डब्या करणाऱ्या कारागिराला म्हटलं, झाकणाला अंगठा अडेल अशी कड काढ. तेव्हापासून आमच्या डबीला कड आहे. ती कड जरा लक्षात असू द्या.

आणखी सांगतो, की दुसऱ्या खात्याचं पंचांग आपल्या खिशात असावं. आणि शेवटी जे सांगतो ते सगळेच वहीत अधोरेखित करतात — निरोप नको, नमुना न्या. एका खात्याचा शब्द दुसऱ्या खात्यात जसाच्या तसा नेऊ नका. 'पान ओलं होतं' असं तोंडानं सांगू नका. मूठभर ओलं पान न्या, समोर ठेवा आणि गप्प बसा. माणूस शब्दावर रागावतो, पानावर रागावत नाही. ऐकून तरुण मंडळी माना डोलावतात, एखादा वाकून नमस्कारही करतो. ते गेले की मी बराच वेळ तिथंच बसून राहतो. बायको विचारते, बरं नाही का? मी म्हणतो, आहे की.

हे मी कशावरून शिकलो, तेवढं त्यांना सांगतो. पुढे एकदा मलाच एक नमुना न्यायला दिला होता, त्याचं मी काय केलं — ते सांगत नाही.

वखारीत पान निवडायचे आप्पा. जैन शेतकऱ्याच्या घरातले. उंच, काटक, डोक्याला पांढरा पटका, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी. आयुष्यात त्यांनी तपकीर ओढली नाही की विडीला हात लावला नाही, व्रतच होतं. पण पानाची जुडी नाकाजवळ नेऊन सांगायचे, हे कुठल्या गावचं, माळाचं की नदीकाठचं, आणि शेतकऱ्यानं वजनासाठी पाणी मारलंय का. शेतकरी समोर उभा असला तर पाणी मारल्याचं तोंडानं बोलत नसत. नुसतं त्याच्याकडे बघत. तो आपणहून गाडीचे बैल जुंपायला लागायचा.

शहापुरात तपकिरीचं मिश्रण करायचे मास्तर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. हात बसलेला, म्हणून मास्तर. ठेंगणे, गोल, अखंड बोलणारे, आणि स्वतःच दिवसाला अर्धी डबी संपवणारे. पान किती भाजायचं, चुन्याची निवळी किती, तूप केव्हा, सगळं त्यांच्या बोटांत होतं. माप विचारलं तर हात दाखवायचे. निपाणीहून गठ्ठा आला की सोडायच्या आधीच म्हणायचे, "आप्पांच्या हातचं हाय. बघाय नगं."

दोघांची भेट म्हणाल तर मालकांच्या घरच्या लग्नकार्यात, सगळी मिळून चार-पाचदा. आप्पा दिवस मावळायच्या आत जेवत, म्हणून मास्तरही त्यांच्यासोबत पहिल्या पंगतीला बसायचे. भूक असो नसो. जेवून दोघं मांडवाच्या एकाच खांबाला टेकायचे आणि पानाबद्दल बोलत राहायचे. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव समोरून गेला तरी त्यांना पत्ता नसायचा. मला ते दृश्य अजून दिसतं — एक पांढरा पटका, एक टक्कल, आणि दोघांच्या मधे ठेवलेलं एकच तंबाखूचं पान.

त्यांचं बिनसलं ते भाद्रपदात. भाद्रपदात आप्पांचं पर्व असे. दहा दिवस ते बस्तीत, म्हणजे तिकडच्या जैनांच्या देवळात. उपास, पूजा, आणि वखारीकडे फिरकायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण दिवाळीचा माल लवकर काढायची मला घाई, आणि मी नेमकं त्याच दहा दिवसांत पान मागवलं. आप्पांच्या पुतण्यानं निवडलं. त्यात ओलं पान गेलं आणि शहापुरात अख्खा घाणा बुरसला.

मास्तर भडकले. भट्टीपुढं उभं राहून, सगळ्या बायांच्या देखत ओरडले, "जो चिमूट वडत न्हाय त्याला तंबाकू काय कळनार? सांगा त्यास्नी!"

आणि मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, वखारीत, पान निवडणाऱ्या बायांसमोर, मास्तरांचा आवाज काढून सांगितलं. मला वाटलं, गंमत होईल. बाया हसल्याही. आप्पांनी हातातली जुडी खाली ठेवली, दोन्ही हात झटकले आणि म्हणाले, "बरं. ह्याच्यापुढं त्यांचं माझं बोलनं न्हाय. पान येळेवर जाईल, काळजी नगं."

आपण पर्वात होतो, एवढंसुद्धा ते बोलले नाहीत. मी तरी बोलायचं होतं, की पान मी मागवलं, चूक माझ्या घाईची. पण नाही बोललो. हे सगळं मी नव्या मंडळींना सांगतो बरं का — पंचांगाचा धडा म्हणून, निरोपाचा धडा म्हणून. ते हसतात, मीही हसतो. माझी झाकलेली गोष्ट ही नव्हे.

त्यानंतर बारा वर्षं त्या दोघांमधला एकमेव रस्ता मी होतो.

आणि ती बारा वर्षं — कसं सांगू तुम्हाला — माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. आठवड्यातून एकदा पहाटेची मोटार. लाकडी बाकं, टपावर कोंबड्यांच्या डाली, काकती मागं पडली की अंगाला बोचणारा गार वारा, वंटमुरीच्या घाटात इंजिनाला पाणी पाजायला थांबणं. संकेश्वरला चहा, तिथला हॉटेलवाला मला बघून दुधाचं पातेलं पुढं ओढायचा. निपाणी जवळ आली की गावाच्या आधी तंबाखूचा वास यायचा. वखारीच्या दारात कुणीतरी ओरडायचं, "कारभारी आलं!" — आणि सगळं काम घटकाभर थांबायचं. बाया पदर सावरायच्या, दिवाणजी खुर्ची पुसायचा, आप्पा गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या स्वतः पुढं करायचे. दोन दिवसांनी शहापुरात परतलो की तिथंही तेच. मास्तर भट्टी सोडून पुढं यायचे — काय म्हनली निपाणी?

आप्पांचं नाव ते घेत नसत. 'निपाणी' म्हणत. आप्पाही मास्तरांना 'शहापूर' म्हणायचे. "शहापूरला ह्या खेपेचं पान कसं लागलं?" असं विचारताना जुडीकडे बघत, माझ्याकडे नाही.

मी हुशार झालो होतो. मास्तर म्हणाले, "असला कचरा परत धाडू नगा म्हनावं," की मी मूठभर पान कागदात बांधून न्यायचो आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवून म्हणायचो, "हे जरा जाड पडलं, आप्पा." ते हुंगायचे, मान हलवायचे, पुढच्या खेपेला पातळ पान यायचं. भांडण रस्त्यातच कुठंतरी, हत्तरगीच्या आसपास, विरून जायचं. आमच्या तपकिरीची कीर्ती त्या वर्षांत झाली. मालक म्हणायचे, दोन भांडखोर गावं कारभाऱ्यानं एका दाव्याला बांधली. ऐकून माझी छाती फुगायची. फुगणार नाही का?

एकदा मालक सुपारी कातरता कातरता सहज म्हणाले, "आता मोटारी रोजच्या झाल्या, कारभारी. ह्या दोघांचं सूत जुळलं तर एक पोस्टकार्ड पुरेल की! मग तुमाला हितं गोदामात बसवू, आरामात." आणि हसले. त्यात काही डाव नव्हता. माझ्या वयाची काळजी करत होते बिचारे.

पण मला गोदाम दिसलं. कोपऱ्यातली ती अंधारी खोली, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या, आणि कुणीही 'कारभारी आलं' असं न ओरडणारं दार. पोटाचा प्रश्न होता असं आता म्हणता येईल. तसं नव्हतं, गोदामातही पगार तोच मिळाला असता. मला तो रस्ता सोडवत नव्हता. दोन्ही दारांत माझी वाट बघितली जायची, ते सोडवत नव्हतं.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. मी निपाणीला निघालो होतो. मास्तर मोटारीपर्यंत चालत आले. असे ते कधी यायचे नाहीत, त्यांना चालताना धाप लागायची. कोटाच्या खिशातून त्यांनी एक डबी काढली. आमचीच, कड असलेली. झाकणाभोवती लाखेची रेघ होती.

"ही आप्पास्नी द्या," ते म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'निपाणी' न येता 'आप्पा' आलं. "नवी केलीया. म्हनावं, ह्यात कुठलं पान हाय ते नुसतं हुंगून सांगा. त्यांनी सांगितलं तरच ही बाजारात जाईल. न्हायतर न्हाय."

मग जवळ येऊन हळूच, "तुमच्यापुरतं सांगतो. अकोळच्या माळाचं हाय, आनि चिमूटभर भोज गावचं. त्यास्नी सांगू नगा. त्यांचं त्यास्नी कळंल."

तुमच्या लक्षात आलं ना? चिमूट ओढत नाही त्याला काय कळणार, असं जो माणूस म्हणाला होता, तोच आता म्हणत होता — तुमच्या नुसत्या नाकावर माझी सगळी कमाई ठेवतो. माफी या शब्दाशिवाय याहून सरळ माफी कुणी मागू शकेल? आणि ती माझ्याच पद्धतीनं मागितली होती. निरोप नाही, नमुना.

मी डबी खिशात घातली. वंटमुरीच्या घाटात मोटार पाण्यासाठी थांबली तेव्हा मला राहवेना. नखानं लाख काढली, कडेला अंगठा लावला, चिमूटभर घेतली. देवाशपथ सांगतो, तशी तपकीर मी आधी कधी ओढली नव्हती आणि नंतरही नाही. आधी काहीच नाही, मग कपाळात हळूहळू ऊब, आणि मग — तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. डबीतली थोडी उडाली. ड्रायव्हर शिंकला, त्याच्या मागची भाजीवाली शिंकली, एक फौजदार शिंकला, आणि बघता बघता सगळी मोटार शिंकायला लागली. डालीतल्या कोंबड्या ओरडू लागल्या. फौजदार मला शिव्या द्यायचा आणि मधेच शिंकायचा. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं.

हसता हसताच मला ते उमगलं. ही डबी आप्पांच्या हातात पडली, की आप्पा त्याच दिवशी मोटारीत बसून शहापूर गाठतील. आणि परतीच्या मोटारीत माझं काही काम उरणार नाही.

निपाणीला पोचलो. "कारभारी आलं!" आप्पांनी गूळ दिला, पाणी दिलं. डबी कोटाच्या आतल्या खिशात होती. म्हटलं, आज गडबड आहे, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी आप्पा एका शेतकऱ्याशी बोलत होते. म्हटलं, मोकळे झाले की देऊ. ते मोकळे झाले. माझ्याजवळ येऊन त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "शहापूरचं काय?" मी म्हणालो, "सगळं ठीक." मग मोटारीची वेळ झाली.

शहापुरात मास्तर कारखान्याच्या बाहेर, गल्लीच्या तोंडाशी उभे होते. माझी वाट बघत. मोटारीतून उतरून तिथवर चालत जाताना माझ्याजवळ वेळ होता. 'विसरलो' म्हणता आलं असतं. 'पुढच्या खेपेला देतो' म्हणता आलं असतं. तेवढ्यानंही भागलं असतं.

मी म्हणालो, "दिली. ठेवून घेतली. पण उघडली नाही."

"उघडली बी न्हाय?"

"नाही. काही बोललेही नाहीत."

मास्तर थोडा वेळ माझ्या कोटाच्या गुंड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भडकतील, पूर्वीसारखे ओरडतील. मी त्यांचा ओरडा झेलायला तयार होतो, मला तो हवासुद्धा होता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी. कवातरी उघडतील." आणि आत गेले.

ती तपकीर त्यांनी पुन्हा केली नाही. मालकांनी विचारलं, "मास्तर, नवी काढणार होतात, तिचं काय?" मास्तर म्हणाले, "जमली न्हाय." मी शेजारीच उभा होतो. आप्पांवर बोल येऊ नये म्हणून हा माणूस आपल्या हाताला कमीपणा घेत होता. तेव्हा तरी मी तोंड उघडलं का? पुढं वर्षभरानं त्यांनी एकदा विचारलं, "कारभारी, मी सोता जाऊन येऊ का निपाणीला?" मी म्हणालो, "एवढ्यात नको. अजून राग गेलेला नाही." हेही मीच म्हणालो. डबीच्या बाबतीत एकदा घसरलो असं मी स्वतःला समजावत असे. मग हे काय होतं?

तीन वर्षांनी मास्तर छातीच्या दुखण्यानं गेले. मी खांदा दिला. निपाणीला ही बातमीही मीच नेली. आप्पांनी जुडी खाली ठेवली, पटका काढून मांडीवर घेतला आणि त्या दिवशी पुन्हा पानाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते 'शहापूर' म्हणेनासे झाले. "कारखान्याला पान कसं लागलं," असं विचारू लागले.

डबी मी घरी ट्रंकेत, जुन्या कोटाच्या घडीत ठेवली होती. टाकून का दिली नाही? अनेकदा हातात घेतली होती. पुन्हा उघडली मात्र नाही.

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मीही काम सोडलं होतं. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, आणि ते काढायला ते बेळगावच्या दवाखान्यात आले. नंतर आठ दिवस आमच्याच घरी राहिले. डोळ्यांवर पट्टी. माझी बायको त्यांच्यासाठी उन्हं असतानाच स्वयंपाक उरकायची. एके दिवशी त्यांचं जेवण झालं होतं, भिंतीवर अजून ऊन होतं. ते खिडकीपाशी खाटेवर बसले होते आणि बायको ट्रंक आवरत होती. तिला ती डबी सापडली. काय आहे म्हणून तिनं झाकण उघडून पाहिलं, नाक मुरडलं आणि अर्धवट लावून खिडकीत ठेवून दिली. मी समोर बसलो होतो. उठून ती उचलण्याआधीच आप्पांनी मान वळवली.

"हितं अकोळचं पान हाय," ते म्हणाले.

त्यांनी हातानं चाचपून डबी उचलली. नाकापासून लांब, छातीशी धरली. व्रत होतं ना. नुसता वास तेवढा येऊ दिला. "माळाचं. आनि चिमूटभर भोजचं बी घातलंया." त्यांचा अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरत होता. "असलं ह्यो एकच मानूस करनार. मास्तरची हाय न्हवं?"

"हो."

"कवाची?"

"जुनी आहे, आप्पा."

ते पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसले. मग अगदी हळू विचारलं, "मास्तर कवा माझ्याबद्दल काय म्हनलं का वो? काय सांगून धाडलं हुतं का?"

विचार करा. मास्तर गेलेले. माझी नोकरी संपलेली. तो रस्ता, ती मोटार, 'कारभारी आलं' — काही काही उरलेलं नव्हतं. खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? एका म्हाताऱ्या माणसाच्या नजरेतून तेवढा उतरलो असतो, आणि त्या माणसाच्या डोळ्यांवर तर पट्टी होती. पहिल्या खोट्याला माझ्याजवळ निदान एक हलकं कारण होतं. या वेळी तेही नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

आप्पांनी मान हलवली. कडेला अंगठा लावून झाकण नीट बसवलं, दाबून पाहिलं, आणि डबी माझ्या दिशेनं पुढं केली.

"लई चांगली झालीया," ते म्हणाले. "त्यास्नी सांगाय पायजे हुतं कुनीतरी."

यंदा उन्हाळ्यात आप्पा गेले. सध्या स्वातंत्र्य येणार म्हणून शहापुरातले सगळे शिंपी झेंडे शिवण्यात गुंतलेत, गल्लीत दुसरं बोलणं नाही. काल दोन तरुण माणसं वही घेऊन आली होती. मी त्यांना म्हातारीची गोष्ट सांगितली, पंचांगाची सांगितली, आणि शेवटी म्हणालो, निरोप नको, नमुना न्या. त्यांनी ते लिहून घेतलं. डबी तेव्हा माझ्या कोटाच्या खिशातच होती.